इक्बालांचा शेर आणि सूर्यमालेबाहेरचे ग्रह

सूर्यमालेबाहेरच्या ग्रहांचा विषय निघाला की आपल्या महाविद्यालयांतील उर्दू वर्गांत, आणि आता मराठी व्याख्यानांतही, अल्लामा इक्बालांचा ताऱ्यांपलीकडील जगांचा शेर हटकून म्हटला जातो. ‘बाल-ए-जिब्रील’ (1935) मधील या शेरात कवीने शास्त्रज्ञांच्या साठ वर्षे आधी भाकीत केले, असेही सांगितले जाते. हा अर्थ त्या गझलेला मानवणारा नाही.

गझलेतील प्रत्येक शेर स्वतंत्र असतो हे मान्य. तरीही येथे आरंभापासून अखेरपर्यंत एकच भाव आहे: मिळालेल्या मुक्कामावर समाधान मानू नये. ‘ताऱ्यांपलीकडे’ हे अंतराळातील अंतर नसून साधकाची पुढची मजल होय. पुढे येणारी बाग, घरटे व शाहीन याच अर्थाला धरून आहेत. पहिला शेर खगोलशास्त्राच्या हवाली केला तर शाहीनचे काय करायचे?

नुकसान विज्ञानाचेही होते. जग असेल असे म्हणणे निराळे आणि ते दाखवून देणे निराळे. मद्रास वेधशाळेच्या कॅप्टन जेकब यांनी 1855 मध्ये 70 ऑफियुची या जोडताऱ्याच्या गतीतील फरकावरून तेथे ग्रह असण्याचा संभव वर्तविला. थॉमस सी यांनी 1896 मध्ये त्याच ताऱ्याबाबत पुन्हा तसा दावा केला. 1899 मध्ये मोल्टन यांनी ती कक्षा टिकूच शकत नाही हे गणिताने दाखविले. इक्बालांच्या हयातीतच, 1914 ते 1929 या काळात, हैदराबादची निजामिया वेधशाळा आंतरराष्ट्रीय तारासूचीसाठी आकाशाच्या उणे 17 ते उणे 23 अंशांच्या पट्ट्यातील ताऱ्यांची स्थाने छायाचित्रांच्या काचांवरून मोजीत होती. या कष्टाच्या कामावर कोणी शेर म्हणत नाही!

खरे म्हणजे आपल्या दोन्ही भाषांतील साधे शब्द येथे अधिक कामाचे आहेत. ‘ग्रह’ या शब्दाचा धातू ‘धरणे’ या अर्थाचा. 1995 मध्ये मेयर व केलो यांना 51 पेगासीचा ग्रह दिसला नव्हता. त्याच्या ओढीने तारा सव्वाचार दिवसांच्या फेऱ्यात डोलतो, हे वर्णपटातील रेषांच्या सरकण्यावरून कळले. उर्दूतील ‘सय्यारा’ म्हणजे चालणारा. तो ताऱ्यासमोरून चालत गेला की प्रकाश किंचित घटतो. 2009 मध्ये सोडलेल्या केप्लर दुर्बिणीने अडीच हजारांहून अधिक ग्रह याच खुणेवरून शोधले.