बैठकीतले चित्र

चित्रकाराने आपल्या खोलीत चित्र काढावे आणि रसिकांनी ते पुढे केव्हातरी प्रदर्शनात पाहावे, हा व्यवहार आपल्या इतका अंगवळणी पडलेला आहे की, चित्र होत असताना समोर बसून ते पाहण्याचे निमंत्रण आले तेव्हा मी ते दोनदा वाचले. कोलकात्याला बदलून येऊन मला त्या वेळी जेमतेम दहा महिने झाले होते. बालीगंजमधील एका बंगाली सहकाऱ्याच्या घरी, श्रावणातल्या एका शनिवारी, वीस-पंचवीस निवडक माणसांपुढे एक तरुण चित्रकार दीड तासात एक चित्र पुरे करणार होता. साथीला इसराज, मध्ये चहा आणि शिंगाडे (म्हणजे आपले सामोसे, पहिल्या आठवड्यात मी फसलो होतो), आणि अखेरीस चिठ्ठ्या टाकून ज्याचे नाव निघेल त्याला ते चित्र. अशा बैठकी आता मोठ्या शहरांतून होऊ लागल्या आहेत, आणि त्यांचे बरेवाईट कशावरून ठरवावे हा प्रश्न टीकाकाराला टाळता येणार नाही. मला मात्र त्याविषयी तटस्थपणे लिहिता येत नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

दिवाणखान्यातले सामान भिंतीकडे सारून मधोमध ईझल उभा केला होता. आम्ही खाली जाजमावर बसलो. तैलरंग एका बैठकीत वाळत नाहीत म्हणून चित्रकाराने अ‍ॅक्रिलिक घेतले होते. प्रारंभी त्याने आमच्याकडे पाहिलेच नाही. ओल्या फडक्याने त्याने सबंध कॅनव्हासवर राखी रंग पसरला आणि मग तोच जागोजाग पुसून काढला. जेथे पुसला तेथे नदी दिसू लागली. खालच्या कोपऱ्यात घाटाच्या तीन पायऱ्या आल्या. उजव्या अंगाला, वर चढत गेलेल्या दोन-तीन तिरप्या रेघा आल्या. त्या रेघा कशाच्या ते समजत नव्हते, आणि ते न समजण्यातच मोठे सुख होते. भर पावसात हुगळीच्या काठी उभे राहिले म्हणजे पलीकडे किनारा आहे की नुसतेच पाणी आहे असा जो संभ्रम पडतो, तो संभ्रम त्या कॅनव्हासवर जसाच्या तसा उतरला होता. सुमारे चाळीस मिनिटांनी चित्रकार दोन पावले मागे सरला. त्याने कुंचला पाण्यात ठेवला. इसराजवाल्यानेही गज उचलून धरला.

त्या शांततेत कोणीतरी विचारले, ‘हा हावडा ब्रिज ना?’

विचारणारा मी होतो.

चित्रकाराने वळून माझ्याकडे पाहिले, सौजन्याने हसला आणि म्हणाला, ‘होऊ शकेल.’ घड्याळात अजून पन्नास मिनिटे शिल्लक होती. त्याने कुंचला पुन्हा उचलला आणि त्या रेघांना पुलाचे रूप आले. १९४३ साली वाहतुकीला खुला झालेला, १९६५ पासून कागदोपत्री रवीन्द्र सेतू झालेला आणि तरीही कोणीच त्या नावाने न ओळखणारा तो पूल, त्याच्या लोखंडी जाळीसकट हुबेहूब उभा राहिला. मग दिवे लागले. एकेका पिवळ्या ठिपक्यासरशी टाळी पडत होती. दिव्यांची प्रतिबिंबे पाण्यात उतरली तेव्हा तर यजमानीणबाईंनी ‘अपूर्व!’ म्हणून उद्गार काढला. मीही टाळ्या वाजविल्या. पूल आला आणि नदी गेली, हे मला घरी जाताना टॅक्सीत उमगले.

आपण मराठी माणसे गाण्याच्या बैठकींवर वाढलेली. दाद देणे हा आपल्याला श्रोत्याचा धर्मच वाटतो, आणि गाण्यापुरते ते खरेही आहे. गवयाने एखादी जागा घेतली, आपण ‘वा’ म्हटले, की ती जागा केव्हाच मागे पडलेली असते. आपली दाद पुढच्या आवर्तनाला बळ देते. मागच्याला ती चिकटत नाही. आणि ती चुकीच्या जागी पडली तरी कसलेला गवई समेवर येऊन सारे सावरून घेतो. चित्राचे तसे नाही. गाण्यातला काळ वाहून जातो. चित्रातला काळ एकाच पृष्ठभागावर थरावर थर चढत बसतो. तेथे पुढचे आवर्तन मागच्या आवर्तनाच्या छातीवर बसते. बैठकीची रीत चित्राला लावताना हा भेद कोणी ध्यानात घेत नाही, असे मला वाटते.

हेन्री-जॉर्ज क्लूझो याने १९५६ साली पिकासोवर काढलेल्या चित्रपटात हे फार स्पष्ट दिसते. समुद्रकिनाऱ्याचे एक मोठे चित्र कॅमेऱ्यापुढे पायरीपायरीने बदलत जाते. प्रेक्षकाला जे चित्र येथेच थांबावे असे वाटते, तेच पुढच्या क्षणी रंगाखाली गाडले जाते. अखेर चित्र बिघडले हे पिकासो स्वतःच कबूल करतो आणि नव्या कॅनव्हासवर पुन्हा आरंभ करतो. आमच्या बैठकीत दुसरा कॅनव्हासच नव्हता. चिठ्ठ्या मात्र एका परातीत तयार होत्या.

मग चित्रकाराजवळ कोणी बसूच नये काय? ज्या शहरात हे घडले त्याच शहराने याचे उत्तर पूर्वीच देऊन ठेवले आहे. जोडासांकोच्या ठाकुरवाड्यातील दक्षिणेकडच्या व्हरांड्यात गगनेन्द्रनाथ आणि अवनीन्द्रनाथ हे बंधू चित्रे काढीत बसत, आणि माणसांची ये-जा चालूच असे. तेथे पाहुण्यासाठी चित्र होत नव्हते. चित्र होत असताना पाहुणा येत होता, एवढाच काय तो फरक. १९०३ साली योकोयामा ताइकान हा जपानी चित्रकार कलकत्त्यात आला. तो रंगलेल्या चित्रावरून पाण्याचा कुंचला कसा हलकेच फिरवितो, हे अवनीन्द्रनाथांनी पाहिले. पाहून ते ताइकानला काही सुचवायला गेले नाहीत. आपल्या घरी त्यांनी आपले चित्रच पाण्यात बुडविले. बंगालच्या चित्रकलेतील धूसर ‘वॉश’ची पद्धत या पाहण्यातून जन्मली. जवळ बसणाऱ्याने न्यायचे ते स्वतःच्या कागदाकडे न्यावे, समोरच्या कागदावर ठेवू नये.

दुसरे उत्तर आपल्या पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांचे. १९९२ साली त्यांनी कलकत्त्यातच लोकांसमक्ष देवींची चित्रे रंगविली आणि शेवटी त्यांवर पांढरा रंग फिरवून ती नाहीशी केली. तो स्टंट होता असे तेव्हाही म्हटले गेले, आणि हुसेन यांना स्टंटचे वावडे होते असे मीही म्हणणार नाही. परंतु सर्वांसमोर झालेले चित्र गाण्यासारखे विरून गेले पाहिजे, ही जाण त्यांत होती, आणि दुर्गाविसर्जन पाहणाऱ्या शहराला ती समजावून सांगावी लागली नाही.

आमच्या चित्राचे विसर्जन झाले नाही. चिठ्ठी माझ्या नावाची निघाली.

त्यानंतर काही महिन्यांनी एका प्रदर्शनात तो चित्रकार भेटला. मी धीर करून विचारले की, त्या तिरप्या रेघा मुळात कशाच्या होत्या? माझ्या एका प्रश्नाने त्याचे चित्र मारले, हे मनाला लागून राहिले होते, आणि खरे सांगायचे तर त्याचीही मला थोडी प्रौढी वाटत असावी. त्याने बराच वेळ आठवून पाहिले. ‘कोणती बैठक?’ त्याने विचारले. मी घर सांगितले, इसराज सांगितला, पाऊस सांगितला. ‘पूल तर सगळीकडेच मागतात,’ तो म्हणाला.

पुढे माझी दिल्लीला बदली झाली. चित्र आता सरकारी क्वार्टरच्या पश्चिमेकडच्या खोलीत आहे. येणारा प्रत्येकजण पूल ओळखतो. संध्याकाळी ऊन आडवे पडले म्हणजे लोखंडी जाळीच्या रंगाखाली त्या दोन-तीन रेघांचा उठाव किंचित दिसतो. त्या वेळी घरी पाहुणे असले तर मी त्यांना चहा पलीकडच्या खोलीत देतो.