एका रात्रीचा फियास्को

६ मार्च १८५३ रोजी व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात ‘ला त्राव्हियाता’ या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. दुसऱ्या दिवशी त्याचा संगीतकार व्हेर्दी याने आपला शिष्य मुत्सिओ याला जेमतेम तीन ओळींचं पत्र धाडलं. काल रात्री फियास्को झाला. दोष माझा की गायकांचा, ते काळच ठरवील, असा त्याचा आशय.

या पत्रात विशेषण नाही, रडगाणं नाही. ‘फियास्को’ म्हटलं की मुत्सिओला सगळं कळणार होतं. नुसतं नाटक पडलं एवढाच त्याचा अर्थ नाही. भरल्या थिएटरात हसं झालं, हेही त्यात आलं. क्षयाने खंगलेली नायिका आता काही तासांचीच सोबती आहे, असं डॉक्टर सांगतो आणि समोर त्या भूमिकेत अंगाने चांगल्या भरलेल्या गायिका साल्विनी-दोनातेल्ली! प्रेक्षकांना हसू आवरेना. बाई गायल्या मात्र छान. पहिल्या अंकाला टाळ्याही पडल्या होत्या.

इटालियनमध्ये फियास्को म्हणजे बाटली, गोल पोटाची, गवताने वेढलेली, वाइनची. तिचा फजितीशी संबंध कसा जुळला याच्या दोन कथा सांगतात. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे कारागीर नाजूक काचकाम बिघडलं की त्याच काचेची साधी बाटली करत, ही एक. दुसरी विदूषक बियांकोलेल्लीची. बाटली हातात धरून तो विनोद करू लागला, कुणी हसेना, तेव्हा तिच्यावरच खापर फोडून त्याने ती मागे भिरकावली. पुरावा दोन्हींना नाही. पहिली देखणी आहे, पण माझा जीव दुसरीवर. एक तर हा शब्द रंगभूमीच्या बोलीतून फ्रेंचमध्ये आणि १९व्या शतकाच्या मध्याला इंग्रजीत गेला. शिवाय या दुसऱ्या कथेत प्रेक्षक आहेत, आणि दोष कुणाचा हा प्रश्नही.

तोच प्रश्न व्हेर्दीच्या पत्रात आहे. गायकांवर तो प्रयोगाआधीपासूनच नाराज होता. तरी लिहिताना ‘माझा’ आधी येतो, ‘गायकांचा’ नंतर. तीन ओळींत हा क्रम सांभाळणं मला फार थोर वाटतं.

६ मे १८५४ला व्हेनिसमध्येच, सान बेनेदेत्तो नाट्यगृहात, थोडे फेरफार करून आणि मारिया स्पेत्सियाला नायिका घेऊन हाच ऑपेरा पुन्हा उभा राहिला. त्या रात्री व्हेनिसकरांनी तो डोक्यावर घेतला.