बेघराचीं इंग्रजी नांवें

बेघर माणसास इंग्रजी भाषेनें वेळोवेळीं जीं नांवें दिलीं तीं एकापुढें एक मांडून पाहिलीं, तर त्यांतील बहुतेक जुनीं नांवें त्याच्या पायांविषयीं बोलतात, डोक्यावरील छपराविषयीं नव्हे, असें दिसून येतें. ‘व्हॅगाबाँड’ म्हणजे भटकणारा. ‘ट्रॅम्प’ म्हणजे पाय आपटीत चालणारा. तो कां भटकतो, हा प्रश्न अशा शब्दांत उरतच नाहीं.

हा निवाडा केवळ कोशांत राहिला नाहीं. १५४७ च्या इंग्लिश कायद्यानें काम न करणाऱ्या भटक्याच्या छातीवर ‘व्ही’ हें अक्षर डागण्याची व त्यास दोन वर्षें गुलाम करण्याची शिक्षा सांगितली. तो कायदा फार दिवस टिकला नाहीं. परंतु १५७२ च्या कायद्यानें सरदारांचा आश्रय नसलेल्या नटांनाही भटक्यांच्याच यादींत बसविलें. त्याच धंद्यांतील शेक्सपिअरनें ‘किंग लिअर’मध्यें वादळांत सांपडलेल्या राजाच्या तोंडीं ‘हाउसलेस’ हा शब्द घातला. कायदा ज्याचे पाय पाहत होता, त्याचें उघडें डोकें नाटककारानें पाहिलें. राज्य हातीं असतां आपण या लोकांची चिंता वाहिली नाहीं, हें लिअरला तेथें उमगतें. आमच्या मतें या शब्दाइतका न्यायी शब्द त्या मालिकेंत दुसरा नाहीं. कारण तो गुन्हा सांगत नाहीं, उणीव सांगतो, आणि त्या उणिवेचा जाब राजास स्वतःलाच विचारावयास लावितो.

कायद्यानें मात्र जुनाच पाठ चालू ठेविला. उपजीविकेचें दृश्य साधन नसतां उघड्यावर निजणें व आपली समाधानकारक हकीकत देतां न येणें, हा १८२४ च्या व्हेग्रन्सी कायद्यानें गुन्हा ठरविला. ‘उपजीविकेचें दृश्य साधन नसणें’ हेच शब्द १९५९ च्या मुंबईच्या भिक्षाप्रतिबंधक कायद्यांत उतरले. मूळ इंग्लिश कायदा रद्द करण्याची तरतूद पार्लमेंटनें मंजूर केली ती २०२२ सालीं, आणि तीही तत्काळ अंमलांत आली नाहीं.

अमेरिकेंत या लोकांची प्रतवारीच लागली. भटकतो पण काम करितो तो ‘होबो’, भटकतो व काम टाळतो तो ‘ट्रॅम्प’, आणि दोहोंपैकीं कांहींच न करणारा तो ‘बम’. पुढें १९३० नंतरच्या मंदींत मात्र लोकांनींच शब्दाचें टोक फिरविलें. बेकारांच्या झोपड्यांस ‘हूव्हरव्हिल’ आणि पांघरलेल्या जुन्या वर्तमानपत्रास ‘हूव्हर ब्लँकेट’ म्हणून त्यांनीं आपल्या दैन्यास अध्यक्षांचें नांव दिलें. लिअरनें स्वतःस जें विचारिलें, तेंच येथें प्रजेनें राज्यकर्त्यास विचारिलें.

१९७७ च्या ब्रिटिश कायद्यानें ‘होमलेस’ शब्दास खरें वजन दिलें. विवक्षित गरजू बेघरांना निवारा देण्याचें कर्तव्य स्थानिक संस्थांवर आलें. पण त्याच कायद्यांत ‘इन्टेन्शनली होमलेस’, म्हणजे जाणूनबुजून बेघर झालेला, असाही एक वर्ग आला, आणि पुढच्या दारानें घालविलेला ‘व्हॅगाबाँड’ मागच्या दारानें परत शिरला. हल्लीं ‘अनहाउस्ड’ म्हणावें असा आग्रह दिसतो. हा शब्द शेक्सपिअरच्या शब्दाजवळ जातो, म्हणून तो आम्हांस तुच्छ वाटत नाहीं. तथापि शब्द सोज्ज्वळ केल्यानें अंगाखालची फरशी ऊन होत नाहीं.

आपल्या ‘भटक्या’ या शब्दाची नजरही पायांकडेच आहे. गीतेंतील ‘अनिकेत’ मात्र गौरवाचा. परंतु ज्यानें घराची आसक्ति सोडिली त्याचें तें वैराग्य. ज्याला घर मिळालेंच नाहीं त्यास तें नांव देणें म्हणजे थट्टा होय. शब्दाची पारख त्याच्या गोडव्यावरून करूं नये. तो उच्चारल्याबरोबर कोणाचें तरी कर्तव्य जागें होतें कीं नाहीं, एवढेंच पाहावें. या कसोटीस उतरणारे शब्द इंग्रजींत थोडे आहेत. मराठींत किती आहेत, हें वाचकांनीं आपल्याच बोलण्यांत शोधून पाहावें.