उपरी, मिरासदार आणि मराठी कादंबरीतील स्थलांतरित कुटुंब

एका मुलखातून उठून दुसऱ्या मुलखात संसार थाटणाऱ्या कुटुंबाचा प्रश्न मराठी समीक्षेने बहुधा ‘मूळ तुटणे’ आणि ‘रुजणे’ या वनस्पतिसृष्टीतल्या रूपकांनी मांडला आहे. ग्रामीण साहित्याच्या चर्चेत तर ही रूपके इतकी सवयीची झाली आहेत, की ती रूपके आहेत याचेही विस्मरण होते. रोप रुजते की नाही हे माती, पाणी आणि हवामान यांवर ठरते. माती रोपाला त्याचे गाव, जात वा सोयरिक विचारत नाही. माणसांच्या वस्तीत मात्र पहिला प्रश्न हाच असतो. आलेल्यांनी रुजावे की नाही, याचा निर्णय आधीपासून असलेल्यांच्या हाती असतो, आणि नेमकी हीच बाजू या रूपकाने झाकली जाते. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘टीकास्वयंवर’मधून (१९९०) सर्वदूर पोहोचलेल्या देशीयतेच्या विचारात विशिष्ट भूमी आणि तिथली परंपरा यांना केंद्रस्थान आहे. पण परक्या भूमीवर आलेले कुटुंब किती पिढ्यांनी ‘देशी’ ठरते, आणि ते ठरवणार कोण, या प्रश्नाला त्या विचाराने पुरेशी जागा दिलेली नाही.

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर मराठी गावगाड्याने आपल्या परीने शोधलेले होते. ब्रिटिशपूर्व काळातील गावात मिरासदार आणि उपरी असे कसणाऱ्यांचे दोन वर्ग होते. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क. उपरी हा बहुधा बाहेरून आलेला, पडीक वा सरकारी जमीन कौलाने कसणारा, उद्या उठून दुसरीकडे जाऊ शकणारा. ‘उपरा’ हा आज केवळ भावनिक अर्थाने वापरला जाणारा शब्द जमीनधाऱ्याच्या या व्यवस्थेशेजारीच वाढलेला आहे. महत्त्वाची गोष्ट अशी, की उपऱ्याला मिरासदार होता येत असे. गावच्या गोताची संमती, ठरलेली रक्कम आणि मिरासपत्र यांच्या आधारे बाहेरचे कुटुंब गावचे होत असे. हा व्यवहार उदार होता असे मुळीच नव्हे. जातिव्यवस्थेने ज्यांना जमिनीपासूनच दूर ठेवले, त्यांना हा दरवाजा कधीच उघडला नाही. परंतु सामावून घेणे ही गावाने जाहीरपणे करावयाची कृती आहे, एवढे तरी त्या व्यवस्थेत गृहीत होते. येणाऱ्या कुटुंबाच्या कथा वाचताना हे गृहीत हाताशी असलेले बरे.

मराठी कथात्म साहित्याला परिचित असलेला ‘नवा आलेला’ मात्र कुटुंबासह येत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तील (१९५५) मास्तर हा त्याचा आदर्श नमुना. माणदेशातील धनगरांच्या वाडीत तो एकटा येतो, सरकारी नेमणुकीने येतो, आणि पेटीबिछान्यापलीकडे त्याच्यामागे काही नसते. वाडी त्याला बिचकते, चाचपून पाहते, मग स्वीकारते. कारभाऱ्याच्या अंजीवरून दुरावाही येतो. तालमीच्या बांधकामापर्यंत पोहोचलेली ही स्वीकाराची कहाणी मराठीत अजोड आहे, याबद्दल दुमत नसावे. पण ती शक्य होते ती मास्तर एकटा असल्यामुळे. त्याला पाण्याच्या वाट्यात हिस्सा नको, चराईत हिस्सा नको, मुलीसाठी स्थळ नको, मयताला जागा नको. पाहुण्याला सामावून घेणे आणि वाटेकऱ्याला सामावून घेणे या भिन्न गोष्टी आहेत. मास्तराचे बिऱ्हाड वाडीत असते, घर दुसरीकडे. मराठीने हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत ते उगाच नव्हे. आणि अखेरीस दुष्काळात वाडीच जगायला बाहेर पडते, तेव्हा त्या बाहेर पडलेल्या कुटुंबांचे पुढच्या गावात काय झाले, हे निवेदकाला सांगता येत नाही. ज्या क्षणी कुटुंबांचे स्थलांतर सुरू होते, त्या क्षणी कादंबरी संपते.

हा माडगूळकरांचा दोष म्हणता येणार नाही. ती त्या निवेदनपद्धतीची मर्यादा आहे. एकट्या आगंतुकाची नजर गाव टिपण्यास सोयीची असते, कारण तिला गावाकडून काही मिळवायचे नसते. मराठी ग्रामीण कथेत शिक्षक, ग्रामसेवक, सुट्टीवर आलेला शिक्षित तरुण अशी निवेदकांची रांगच आहे. तिच्यामुळे ‘गावात बाहेरून येणे’ हा अनुभव निरीक्षणाचा झाला. वाटणीचा झाला नाही.

लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने (१९८०) ही नजर उलटी केली. येथे येते ते संपूर्ण कुटुंब: गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड, फोकाच्या टोपल्या-कणग्या विणण्याचा धंदा, गावाबाहेर टाकलेली पाले. कैकाडी कुटुंबासाठी प्रत्येक गाव नवे, आणि प्रत्येक गावात थोडे दिवस थांबण्यासाठीही कुणाच्या तरी परवानगीची गरज. जुन्या उपऱ्याला निदान मिरासीची आशा होती. या कुटुंबाला तीही नाही, कारण गावाला त्यांचे काम हवे असते, वस्ती नको असते. मुलाला शाळेत घालण्याचा बापाचा हट्ट म्हणूनच एवढा स्फोटक ठरतो. शाळेत नाव घालणे म्हणजे एका जागी राहण्याचा दावा करणे. या आत्मकथनाची चर्चा बहुतेक वेळा वेदना आणि विद्रोह या दोन शब्दांत आटोपली गेली. स्थिर होण्याची किंमत म्हणून स्वतःच्या जमातीतही उपरे व्हावे लागणे, हा त्यातील अधिक अवघड भाग. आंतरजातीय विवाहानंतर निवेदक दोन्हीकडून बाहेर पडतो, आणि पुस्तकाच्या शीर्षकाला दुसरा अर्थ येतो.

कुटुंबांचे, किंबहुना गावेच्या गावे उचलून दुसरीकडे वसवण्याचे पर्व धरणांनी आणले. मुळशीच्या सत्याग्रहापासून (१९२१) त्याचा इतिहास सांगता येतो. कोयनेच्या खोऱ्यातील कुटुंबे ठाणे, रायगड, सोलापूर अशा परस्परांशी काही साम्य नसलेल्या जिल्ह्यांत विखुरली. धो धो पावसाच्या डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवणाऱ्या कुटुंबाने सोलापूरकडील ज्वारीच्या रानात शेती करायची, म्हणजे आयुष्यभराचे शेतीचे ज्ञान निकामी ठरवून नव्याने उमेदवारी करायची. महाराष्ट्राने १९७६ मध्ये आणि पुढे १९८६ व १९९९ मध्ये पुनर्वसनाचे कायदे केले. धरणाच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांची ठरावीक मर्यादेपलीकडील जमीन घेऊन ती विस्थापितांना द्यावी, हे त्यांतील मध्यवर्ती तत्त्व. त्याची न्याय्यता वादातीत आहे. पण त्याचा एक परिणाम साहित्याच्या दृष्टीने निर्णायक ठरतो: नव्या गावात पाऊल टाकताच विस्थापित शेतकरी हा तेथील कुणाच्या तरी कमी झालेल्या सातबाऱ्याचा धनी असतो. पूर्वी गोताची संमती आधी आणि जमीन नंतर होती. येथे जमीन हुकुमाने आधी येते आणि संमती कधीच मागितली जात नाही.

विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) या विषयावरील मराठीतील सर्वांत महत्त्वाकांक्षी कादंबरी आहे. १९९२ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने तिचे महत्त्व अधोरेखित झाले, तरी तिचे खरे नावीन्य फारसे तपासले गेले नाही. ते असे, की ‘बनगरवाडी’त बाहेरून आलेला मास्तर येथे खैरमोडे गुरुजींच्या रूपाने विस्थापितांमधलाच एक झाला आहे. शिकलेला माणूस आता निरीक्षक नाही. अर्ज लिहिणारा, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवणारा, इतरांबरोबर उठवला गेलेला गावकरी आहे. त्यामुळे निवेदनाला एकट्याची खिडकी सोडून जांभळी या गावाचा अनेकवचनी आवाज उभा करावा लागतो, आणि पूर्वार्धात तो विलक्षण ताकदीने उभा राहतो. प्रशासनाच्या यंत्रणेचे आतून असलेले ज्ञानही प्रत्ययास येते. कागद कसा फिरतो, कुठे अडतो आणि अडवल्याने कुणाचे भले होते, याचे इतके तपशीलवार चित्र मराठी कादंबरीत विरळा.

परंतु या कादंबरीचा संताप यंत्रणेवर एवढा केंद्रित आहे, की नव्या मुलखातील मूळ रहिवासी प्रामुख्याने अडवणूक करणारे म्हणूनच समोर येतात. जमीन गेलेल्या लहान शेतकऱ्याची धास्ती आणि राजकीय वजन वापरून जमीन वाचवणाऱ्या बागाईतदाराची मग्रुरी यांतील अंतर पुरेसे उमटत नाही. संघर्ष ओसरल्यावरची दहा-वीस वर्षे तर कादंबरीच्या कक्षेबाहेरच राहतात. पुनर्वसित वसाहतीत पाणी, शाळा, रस्ता, स्मशानभूमी यांची तरतूद शासनाच्या यादीत असते. जुन्या गावच्या जत्रेत नव्या वसाहतीचा मान कितवा, आजारी जनावरासाठी रात्री कुणाचे दार ठोठवायचे, पहिली सोयरिक कोण करणार, हे कुठल्याच यादीत नसते. कादंबरीसारख्या प्रकाराचे काम खरे तर या यादीबाहेरच्या गोष्टींत सुरू होते.

स्त्रियांच्या बाबतीत ही पोकळी विशेष जाणवते. परक्या घरी जाऊन तिथले होणे या अनुभवाचा मराठीतील सर्वांत मोठा साठा स्त्रियांच्या जात्यावरील ओव्यांत आहे. माहेर आणि सासर या दोन टोकांमध्ये ताणलेली ती जाणीव स्थलांतराचे मूळ व्याकरणच म्हणता येईल. त्या व्याकरणात परतीच्या वाटेला मध्यवर्ती स्थान आहे. धरणाने ही वाटच बुडवली. जवळच्या गावांतून सून म्हणून आलेली स्त्री दूरच्या जिल्ह्यात गेली, आणि बाहेर दिलेल्या लेकींचे माहेर पाण्याखाली गेले. सासुरवाशिणीने दुसऱ्यांदा, या वेळी सासरच्या सगळ्यांना बरोबर घेऊन, परक्यांत उभे राहणे हा प्रसंग मराठी कादंबरीला अजून त्याच्या पूर्ण वजनासह पेललेला नाही.

लहान मुलाच्या बाजूने मात्र एक वाट निघालेली दिसते, आणि तीही धरणांशी काही संबंध नसलेल्या लेखनात. ‘वनवास’पासून (१९९४) सुरू झालेल्या प्रकाश नारायण संतांच्या कथांतील लंपन आईवडिलांपासून दूर, कन्नड मुलखाला लागून असलेल्या गावात आजी-आजोबांकडे वाढतो. तिथला कानडी वळणाचा उच्चार, तिथल्या मुलांच्या शपथा आणि टोपणनावे तो अंगात मुरवून घेतो. आपण कुठले, हा प्रश्न त्याला घोषणेच्या रूपात पडत नाही. तो वाक्यांच्या ठेवणीत उतरतो. विस्थापित वसाहतींतील दुसऱ्या पिढीच्या बोलीतही अशीच सरमिसळ झाली असणार: घरात खोऱ्यातली मराठी, शाळेत नव्या मुलखाची, आणि सरदार सरोवरामुळे गुजरातेत गेलेल्या सातपुड्यातील आदिवासी मुलांच्या बाबतीत तर शाळेची भाषाच निराळी. संतांच्या निवेदकाला या सरमिसळीसाठी कुणाची परवानगी लागत नाही, कारण आजोबांचे घर त्या गावात आधीपासून आहे. पुनर्वसित मुलाचा निवेदक लिहिताना लेखकाला ही सोय मिळणार नाही. त्याला दोन बोलींबरोबरच त्या दोहोंमधील सत्तेचे नातेही वाक्यात आणावे लागेल, आणि ‘झाडाझडती’च्या सभा-मोर्च्यांच्या भाषेहून ती भाषा बरीच हलक्या आवाजातली असेल.