अक्षर आणि अधिकार

साक्षरता ही लोकशाहीची पूर्वअट होय, हे प्रतिपादन आपल्याकडे फार सहजपणे केले जाते. इतिहास त्यास दुजोरा देत नाही. १९५१-५२ च्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी चिन्हावरून ओळखता येत असे. निरक्षर मतदाराचा हक्क त्यामुळे अडला नाही. अक्षराची खरी निकड मत दिल्यानंतर, कारभार पारखताना भासते.

जालन्याच्या मस्तगडाचे उदाहरण घ्यावे. १७२५ साली बांधलेल्या या गढीत पुढे नगरपालिकेचे कार्यालय आले. १९४८ पर्यंतच्या निजामी राजवटीत, फारसी मागे पडल्यावर, राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. मराठी उत्तम वाचणारा गृहस्थही सरकारी कागदापुढे निरक्षरच ठरे! म्हणजे साक्षरता केवळ शिकणाऱ्यावर नव्हे, तर लिहिणाऱ्या कचेरीवरही अवलंबून असते.

१९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेचे मोल मोठे आहे. गावाने गावाला शिकवावे, ही तिची दृष्टी अस्सल होती. परंतु 'ग्रामगौरव' समारंभ झाला की कार्य संपले, अशी समजूत होण्यास तिने वाव ठेवला. कराची पावती, सभेचा ठराव आणि जमाखर्चाचा तक्ता हीच नवसाक्षरांची क्रमिक पुस्तके असावयास हवीत. त्याचबरोबर ते कागदही सुबोध व्हावेत. कारण 'अनुज्ञेय' किंवा 'उपरिनिर्दिष्ट' हे शब्द, देवनागरीत असूनही, त्या वाचकाला उर्दूइतकेच परके आहेत.