कृष्णपुऱ्याच्या पुलावरून

इंदूरच्या राजवाड्याकडून कृष्णपुऱ्याच्या पुलावर आलात की गर्दी तुम्हाला थांबू देत नाही. तरी थांबायचे. कठड्याशी उभे राहिले की कान्ह नदीच्या काठावर छत्र्यांची तीन शिखरे दिसतात. जवळ गेल्यावर कोरीव कामच डोळ्यांत भरते. इमारतीचा डौल कळतो तो या पुलावरूनच.

मोठ्या शिखराला लहान शिखरे बिलगलेली, खाली महिरपी कमानी. परका माणूस याला देऊळच म्हणेल, पण ही आहेत इंदूरच्या होळकर राजघराण्याची स्मारके. दोन छत्र्या एकमेकींना जोडून आहेत : 1886 मध्ये गेलेले दुसरे तुकोजीराव होळकर आणि त्यांचे पुत्र शिवाजीराव यांच्या. शिवाजीरावांनी 1903 मध्ये गादी सोडली, 1908 मध्ये देह ठेवला. ज्या गादीवरून ते उतरले, तिच्या आधीच्या धन्याशेजारीच त्यांना जागा मिळाली.

तिसरी छत्री वेगळी उभी आहे. ती कृष्णाबाईंची, आणि माझ्या मते तिघींत तीच सर्वांत देखणी. बाई यशवंतराव होळकरांच्या पत्नी. 1817 च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांची फौज इंग्रजांपुढे हरली, जानेवारीत मंदसौरचा तह झाला, राजधानी इंदूरला आली. त्या पडत्या काळापासून 1849 मध्ये डोळे मिटेपर्यंत दौलतीत या मासाहेबांच्या, म्हणजे कृष्णाबाईंच्या, शब्दाला वजन होते. 1844 मध्ये लहानग्या तुकोजीरावांना गादीवर बसवण्यात त्यांचाच हात होता. आज तेच तुकोजीराव त्यांच्या शेजारी आहेत, हे माहीत असले की पुलावरून दिसणारे चित्र घरातले वाटू लागते.

नदी कान्ह, वस्ती कृष्णपुरा. त्यामुळे नव्या माणसाला इथे देवाच्याच कृष्णाची आठवण होते. वस्तीच्या नावातली कृष्णा मात्र होळकरांची सून. तरी लोकांची ही गल्लत मला गोड वाटते, कारण राजवाड्याजवळचे गोपाळ मंदिर 1832 मध्ये बाईंनीच बांधून घेतले. कृष्णभक्त बाईचे नाव कृष्णाच्या नावात मिसळून गेले, तर त्यांना त्याचे वाईट वाटले नसते.

आता खाली उतरा. भिंतींवर देवादिकांइतकाच मान देऊन कोरलेले शिपाई आणि वादक आहेत. एका शिपायापाशी मी नेहमी रेंगाळते. नाकाची धार गेली आहे, पण पवित्रा ढळलेला नाही. उन्हाळ्यातल्या भर दुपारीही कमानीच्या सावलीतला दगड हाताला गार लागतो. राजाच्या स्मारकावर चाकरीतल्या माणसालाही दगडात जागा देणारी ही दरबारी रीत मला फार मोलाची वाटते.

आणि नदी? पॅट्रिक गेडिस यांनी 1918 मध्ये इंदूर दरबाराला दिलेल्या नगररचनेच्या अहवालात शहराचा विचार नद्यांना धरून केला होता. नंतर कितीतरी वर्षे या पुलावरून आम्ही नाकाला रुमाल लावून गेलो. शिखरे होती तिथेच होती, पण त्यांच्याकडे बघायला कोणी थांबत नव्हते. अलीकडे काठ साफ झाला, सांडपाण्याचे नाले अडवले गेले.

तेव्हा इंदूरला आलात की सराफ्यात खायला जाण्याआधी, दिवेलागणीला, दहा मिनिटे या पुलावर थांबा. आधी वेगळी उभी असलेली छत्री बघा.