हातमोजा नेमका कुणाचा?

फँटसी कादंबरीवर संशोधन करायचं म्हटलं की पहिल्या मसुद्यात एक वाक्य हमखास येतं: 'यातली ही प्रथा म्हणजे आपला डोक्यावरचा पदरच.' किंवा हिजाब, किंवा घुंगट. साम्य दाखवलं की प्रकरण संपल्यासारखं वाटतं. खरं तर ते अजून सुरूही झालेलं नसतं.

ब्रँडन सँडरसनची 'द स्टॉर्मलाइट आर्काइव्ह' ही मालिका घ्या. तिचा पहिला भाग, 'द वे ऑफ किंग्ज', २०१० साली आला. तिथल्या रोशर या जगात व्होरिन धर्माच्या बायकांना केसांची चिंता नाही. वयात आल्या की त्या डावा हात झाकतात. त्याला 'सेफहँड' म्हणतात, आणि तो उघडा दिसणं म्हणजे अब्रूचा प्रश्न. वाचताना आधी हसू येतं. हात? पण मग केसांत तरी लाजण्यासारखं काय असतं? सँडरसनला इथे दाद द्यायलाच हवी. अवयव बदलल्याबरोबर प्रथेचा सांगाडा दिसायला लागतो.

आता तडजोड बघा. घरंदाज, फिकट डोळ्यांच्या बायका बाहीच इतकी लांब ठेवतात की हात आत राहतो, वर बटणं लावलेली. गडद डोळ्यांच्या, कष्टकरी बायकांना दोन्ही हात लागतात, म्हणून त्या हातमोजा घालतात. धर्म एकच, पण बाही परवडते ती जिला राबावं लागत नाही तिला. पुढे 'रिदम ऑफ वॉर'मध्ये (२०२०) यंत्रांत रमणारी राणी नवानी कामासाठी हातमोजा वापरते. तुमचा पेन लगेच 'सुधारणा' असं लिहायला जाईल. थांबा. मोलकरणीच्या हातात तोच मोजा आधीपासून होता. तेव्हा आपण त्याला काय म्हणत होतो?

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. प्रत्यक्षातली तडजोड कशी दिसते? विवाहित ऑर्थोडॉक्स ज्यू स्त्रिया केस झाकतात, आणि त्यांतल्या अनेकजणी त्यासाठी विग वापरतात. केस झाकायला केसच! राब्बी ओवादिया योसेफ यांचा विगला कडक विरोध होता. ल्युबाविच पंथाचे राब्बी श्नीरसन यांना उलट रुमालापेक्षा विग बरा वाटे, कारण रुमाल चारचौघांत सहज मागे सरकवता येतो. २००४ मध्ये तर तिरुपतीच्या मुंडनातले केस असलेले विग चालतात का, यावर वाद पेटला आणि ब्रुकलिनमध्ये विग जाळले गेले. म्हणजे तडजोडीला बाजू असतात, बाजार असतो, राग असतो. रोशरमध्ये हातमोज्याबद्दल नाकं मुरडली जातात, पण त्यावरून कुणी कडाकडा भांडतंय असं मला तरी फारसं दिसत नाही. नवानीला तो मोजा फार स्वस्तात मिळतो.

हे तपासायचं असेल तर 'वर्ड्स ऑफ रेडियन्स' (२०१४) काढा. उच्चकुलीन शलान वेश पालटते, गडद डोळ्यांची होते, हातमोजा चढवते आणि शहरात हिंडते. (त्या रूपाचं नावही 'व्हेल', म्हणजे चेहऱ्यावरचा पडदा!) ही मोकळीक तिला मोज्याने दिली, की घरी परतल्यावर मोजा उतरवून ठेवता येतो या सोयीने? ते प्रसंग वाचताना तिच्या आसपास कोण कोण मोजा घालून काम करतंय, त्यांना बोलायला किती ओळी मिळाल्यात, ते वहीत उतरवून घ्या.